सांडपाणी विभागातला गेम कंट्रोलर

गेली एकोणीस वर्षं मी एका खेळण्यावर पोट भरतोय. हे सांगितलं की लोक आधी हसतात, आणि मी सांडपाणी विभागात आहे म्हटल्यावर दोन पावलं मागे सरतात. मला त्याचं काही वाटत नाही. आपलं सांडपाणी कुठे जातं हे ज्यांना ठाऊक नसतं, तेच नाकाला रुमाल लावतात.

काम सोपं आहे. रस्त्याखालच्या गटाराच्या पाइपात माणूस शिरत नाही, म्हणून वीतभर उंचीची, चार चाकांची, दिवा आणि कॅमेरा लावलेली गाडी मॅनहोलमधून खाली सोडायची. तिची केबल वर उभ्या असलेल्या व्हॅनपर्यंत आणायची, आणि मी व्हॅनमध्ये बसून पडद्यावर बघत गाडी हाकायची. पाइप कुठे तडकलाय, कुठे खचलाय, कुठे कोणी गादी कोंबून ठेवलीय, सगळं दिसतं. ज्या कंपनीने ही यंत्रणा बनवली तिने गाडी चालवण्यासाठी वेगळं काही बनवायचे कष्ट घेतले नाहीत. खेळण्यांच्या दुकानातून एक गेम कंट्रोलर आणला, मध्ये दांडी, बाजूला दोन बटणं, आणि दिला जोडून. नंतर कंपनीच बंद पडली. त्यामुळे विमानं पाडायला जन्माला आलेला तो काळा डबा जन्मभर गटारं बघतोय.

त्याला एक खोड होती. दांडी मोकळी सोडली तरी गाडी डावीकडे झुकायची. तक्रार करून करून मी थकलो आणि शेवटी अंगठ्यालाच शिकवलं. दांडी कायम केसभर उजवीकडे दाबून धरायची, की गाडी नाकासमोर सरळ. पुढे पुढे ते माझ्या लक्षातही राहिलं नाही.

मग एका सोमवारी व्हॅनमध्ये चढलो तर माझा कॉम्प्युटर गायब. त्याच्या जागी पाटीसारखा चपटा, चकचकीत नवा कॉम्प्युटर, आणि त्यावर चिठ्ठी: ‘सर्व कालबाह्य संगणक बदलण्यात आले आहेत. सहकार्याबद्दल आभार.’ मी काय सहकार्य केलं होतं कोण जाणे. कंट्रोलरचा प्लग जुन्या काळचा, बोटभर रुंद, पंधरा पिनांचा. नव्या कॉम्प्युटरला नुसत्या दोन बारीक फटी. मी तो प्लग हातात घेऊन यंत्राच्या चारी बाजू चाचपत बसलो.

इतर कुठलाही दिवस असता तर मी चहा पीत स्वस्थ बसलो असतो. पण त्या दिवशी शिवणकाकूंच्या गल्लीची पाळी होती.

शिवणकाकू आमच्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत राहतात. एका खोलीचं घर, त्यातच शिलाई मशीन, त्यातच चूल आणि पलंग. काका गेल्यापासून एकट्या. त्यांच्या घराची फरशी खचत होती. मशीन डुगडुगू नये म्हणून त्यांनी एका पायाखाली कापडाची घडी घातली होती, आणि ती घडी दर महिन्याला जाड होत चालली होती. भिंतीतल्या भेगेत आता माझा पंजा जायचा. तीन वर्षांत त्यांनी तीन अर्ज दिले. आमच्या साहेबांनी, म्हणजे विभागाच्या इंजिनिअरांनी, ते तिन्ही शब्द न शब्द वाचले आणि तिन्हींवर एकच शेरा मारला: ‘चित्रफितीशिवाय खोदकाम नाही.’ म्हणजे मी पाइप फुटलेला दाखवल्याशिवाय फावडं लागणार नाही. दोनदा व्हॅन दुरुस्तीला गेली म्हणून त्यांची पाळी हुकली. या वेळी त्या सकाळपासून मॅनहोलजवळ उभ्या होत्या.

‘‘भाऊ, आज नक्की ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नक्की,’’ मी म्हणालो आणि हातातला प्लग पाठीमागे लपवला.

ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर विभागाच्या मुलीला गाठलं. तिला आम्ही सगळे रिस्टार्ट म्हणतो, कारण प्रिंटर अडो, लिफ्ट अडो, साहेब अडोत, तिचा पहिला सल्ला तोच असतो. तिने कंट्रोलर असा उचलला, जणू उत्खननात सापडलाय.

‘‘काका, ह्याचं तोंड माझ्या जन्माच्या आधीचं आहे.’’

‘‘तुझ्या जन्माचं राहू दे. हे चालेल का ते सांग.’’

‘‘मध्ये जोडणी लागेल. एका बाजूला पंधरा पिना, दुसऱ्या बाजूला यूएसबी. मागणी नोंदवा.’’

मागणी नोंदवायची म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटर प्रणालीत अर्ज भरायचा. मी लिहिलं, ‘गेम कंट्रोलरसाठी जोडणी.’ पडद्याने ताबडतोब अर्ज परत केला. ‘गेम’ हा शब्द चालत नव्हता. मी ‘खेळाचा नियंत्रक’ लिहिलं. ‘खेळ’ही चालत नव्हता. मग रिस्टार्टने माझ्या हातून कीबोर्ड काढून घेतला आणि एका दमात लिहिलं: ‘द्विअक्षीय हस्तचालित दिशानियामक उपकरणाकरिता रूपांतरक.’ अर्ज आत गेला. तो कुणालाही कळला नाही, म्हणून कुणी हरकतही घेतली नाही. फक्त वस्तू यायला नव्वद दिवस लागतील असं उत्तर आलं.

नव्वद दिवसांत ती घडी केवढी जाड होईल याचा मी मनात हिशेब केला आणि डोकं फिरलं. मी तिथेच उभा राहून त्या प्रणालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रिस्टार्टने शांतपणे ऐकून घेतलं, मग खालचा खण उपसला. त्यात मेलेले माऊस, गुंतलेल्या वायरी, एक तुटका पंखा. तळातून तिने करड्या रंगाची बोटभर लांब जोडणी काढली.

‘‘कुठून आली माहीत नाही. लावून बघू.’’

व्हॅनमध्ये येऊन लावली. कॉम्प्युटरने टुण्ण केलं. दांडी हलवली तशी पडद्यावर एक रेघ हलली. मला हुंदकाच यायचा बाकी होता. तेवढ्यात पडदा लालभडक झाला: ‘या संगणकास खेळाचे साधन जोडण्यात आले आहे. कार्यालयीन वेळेत खेळ खेळण्यास मनाई आहे. आपल्या वरिष्ठांना कळवण्यात आले आहे.’

आणि खरंच कळवलं होतं. अकरा मिनिटांत साहेबांचं बोलावणं आलं. काकूंच्या पहिल्या अर्जाला खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जायला सात महिने लागले होते.

‘‘या वयात?’’ साहेब म्हणाले.

‘‘साहेब, तो गटाराचा कंट्रोलर आहे.’’

‘‘इथे स्पष्ट लिहिलंय, खेळाचे साधन. कुठला खेळ होता?’’

‘‘खेळ नव्हता, साहेब. मागच्या गल्लीचं गटार होतं.’’

‘‘मग यंत्र खोटं बोलतंय का?’’

एकोणीस वर्षं याच वस्तूने काढलेल्या चित्रफिती बघून साहेब सह्या करत आलेत, हे मी त्यांना तीन तऱ्हांनी सांगितलं. ते तिन्ही वेळा मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘लेखी खुलासा द्या. आणि गुरुवारी मी स्वतः येऊन बघतो हे साधन कामाचं आहे की खेळाचं. तोवर सुरक्षा काढायची नाही.’’

म्हणजे कंट्रोलर चालवून दाखवायचा, पण तो अडवणारं कुलूप उघडायचं नाही. मी खाली येऊन कपाळाला हात लावला. रिस्टार्ट म्हणाली, ‘‘काका, कुलूप उघडायचं नाही असं म्हणालेत. खिडकी बंद करा असं नाही ना म्हणालेत?’’

खिडकी होती. अपंग कर्मचाऱ्यांना लागणाऱ्या साधनांना ती सुरक्षा अडवत नसे. त्यासाठी एक अर्ज होता. रिस्टार्ट वाचत गेली, मी उत्तरं देत गेलो.

‘‘साधन कुठल्या अवयवासाठी?’’

‘‘अंगठा.’’

‘‘उजवा की डावा?’’

‘‘उजवा.’’

‘‘व्याधीचं नाव?’’

मी विचार करून म्हणालो, ‘‘सवय.’’

तिने तसंच लिहिलं. अर्ज चार सेकंदांत मंजूर झाला, कारण तो माणसाने नव्हे, यंत्राने मंजूर केला. कंट्रोलर आता माझ्या अपंगत्वाचा आधार झाला आणि लाल पडदा परत आला नाही.

पुढे कॉम्प्युटरने सांगितलं की दांडी गोल गोल फिरवा आणि मग मध्ये सोडून द्या. मी फिरवली, सोडली. दांडी नेहमीसारखी डावीकडे कलली. नव्या कॉम्प्युटरने क्षणभर तिच्याकडे बघितलं असावं आणि ठरवलं असावं की हाच मध्य. पडद्यावरची फुली बरोबर मधोमध जाऊन बसली. रिस्टार्टने टाळी दिली. मीही दिली. दोघेही मूर्ख.

गुरुवारी साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, पाय चिखलात पडू नये म्हणून उड्या मारत. व्हॅनमध्ये त्यांना खुर्ची दिली. रिस्टार्ट माझ्यामागे उभी. काकू व्हॅनच्या उघड्या दाराशी, गळ्यात मापाची टेप तशीच. आज काही दिसलं नाही तर चौथा अर्ज करायचं त्राण त्यांच्यात नव्हतं, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण चेहऱ्यावर होतं.

गाडी खाली सोडली. दिवा लागला. पाइप कोरडा, दगडी, गुडघ्याएवढा उंच. मी दांडी पुढे रेटली आणि गाडी भसकन उजवीकडे वळली.

‘‘सरळ घ्या की,’’ साहेब म्हणाले.

‘‘सरळच आहे.’’ माझा हात सरळ होता. एकोणीस वर्षांच्या हिशेबाने सरळ. मी डावीकडे आणली, गाडी आली, आणि अंगठा सवयीच्या जागी परत जाताच पुन्हा उजवीकडे. साहेबांच्या समोर मी पाइपात दारुड्यासारखा झोकांड्या खात चाललो होतो. घामाने दांडी निसटायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉम्प्युटरने कंट्रोलरची खोड काढून टाकली होती, आणि आता खोड फक्त माझ्यात उरली होती.

हे समजेपर्यंत गाडी उजव्या भिंतीला घासत वीस पावलं गेली आणि भिंतच संपली. तिथे एक तोंड होतं. नकाशात तिथे काहीच नव्हतं. गाडी सरळ त्या आडव्या पाइपात घुसली.

‘‘मागे घ्या,’’ साहेब म्हणाले. जरा घाईने म्हणाले.

पण गाडी आता चढावर होती आणि मला थांबवायचंही नव्हतं. पाइप नवा, प्लास्टिकचा, दोन-तीन वर्षांपूर्वीचा. चार पावलं पुढे गेल्यावर सांध्यात तो सरकलेला दिसला, आणि त्याच्याखाली जमीनच नव्हती. दिव्याचा झोत खाली टाकला तर पोकळी. माती वाहून वाहून तयार झालेली, माणूस बसेल एवढी.

मग वरून पाणी आलं. आधी झुळझुळ, मग लोट, आणि सगळं त्या पोकळीत पडलं. पाणी निळं होतं.

‘‘असं निळं पाणी कुठलं हो?’’ काकूंनी विचारलं.

त्या गल्लीत कुणाकडेच संडासाच्या टाकीत निळी वडी टाकत नाहीत. ती फक्त आमच्या ऑफिसात टाकतात. तीन वर्षांपूर्वी साहेबांच्या हातून ज्यांचं उद्घाटन झालं, त्या नव्या संडासांत. त्यांचं पाणी कुठे जोडलं हे कुणी विचारलं नव्हतं. ते काकूंच्या घराखालून, नकाशाशिवाय, चोरून मागच्या गटारात नेऊन सोडलं होतं. मी साहेबांकडे बघितलं. ते फाइलमध्ये बघत होते, आणि फाइल बंद होती.

‘‘हे धरता येणार नाही,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘तुम्हाला उजवीकडे जायचंच नव्हतं. साधन आपोआप वळलं. म्हणजे साधन सदोष, म्हणजे चित्रफीत अग्राह्य. तसं लिहून द्या, म्हणजे तुमच्या त्या खेळाच्या प्रकरणावरही पडदा पडेल.’’

मी कबूल करतो, क्षणभर मी डगमगलो. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, आणि एक कागद लिहिला की सुटलो. मग मी दाराकडे बघितलं. काकू पडद्याकडे टक लावून होत्या, टेपचं टोक मुठीत.

‘‘साहेबांचं बरोबर आहे,’’ मी म्हणालो, आणि रिस्टार्टने माझ्या पाठीत कोपर मारलं. ‘‘माझ्या हाताला खोड आहे. मग खोड नसलेल्या हाताने परत चालवून बघू. काकू, वर या.’’

‘‘मी? मला नाही येत बाई.’’

‘‘मशीनवर काठ सरळ मारता ना? तसंच.’’

मी गाडी मॅनहोलच्या तोंडापर्यंत मागे आणली आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी दांडी दोन बोटांत धरली, सुईत दोरा ओवताना धरतात तशी, आणि हलकेच पुढे ढकलली. गाडी सरळ गेली. इतकी सरळ मी एकोणीस वर्षांत नेली नव्हती. आडव्या तोंडाशी त्या थांबल्या, म्हणाल्या, ‘‘आता मला वळायचंय, बरं का साहेब,’’ आणि वळल्या. पोकळीशी पोचल्यावर त्यांनी हात उचलला.

‘‘माझं मशीन याच्यावर आहे?’’

‘‘हो, काकू.’’

‘‘आणि मी त्याच्यावर बसते.’’ त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पगार माझा त्याच ऑफिसातून येतो, आणि ते निळं पाणी काही अंशी माझंही होतं.

साहेब उठून गेले. तासाभरात ऑफिसातून कागद निघाला. मी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या विभागाचा एवढा वेग बघितला. खोदकामाचा नव्हता तो. काकूंना नोटीस होती: ‘आपले घर धोकादायक असल्याचे चित्रफितीवरून निदर्शनास आले आहे. चोवीस तासांत जागा रिकामी करावी.’ जी चित्रफीत सकाळी अग्राह्य होती, ती दुपारी त्यांना घराबाहेर काढण्यापुरती ग्राह्य झाली होती. काकूंनी नोटीस वाचली आणि मशीनचं झाकण घातलं. कुठे जाणार विचारलं तर म्हणाल्या, ‘‘बघते.’’ त्यांच्याकडे बघण्यासारखं कुठे काही नाही हे मला ठाऊक होतं.

मी भांडलो नाही. व्हॅनमध्ये कामाच्या नियमांचं पुस्तक असतं, ते उघडलं. खचलेला पाइप दिसल्यास काय करावे, कलम पहिलं: ‘वरून येणारा प्रवाह तात्काळ बंद करावा.’ त्यासाठी आमच्याकडे रबरी फुगा असतो. पाइपात घालायचा, पंपाने हवा भरायची, फुगा घट्ट बसतो आणि थेंब खाली येत नाही. मी ऑफिसच्या अंगणातलं संडासाचं चेंबर उघडलं, फुगा आत घातला, शांतपणे हवा भरली, वेळ टाकून नोंद केली आणि व्हॅनमध्ये येऊन डबा खाल्ला.

अडीच वाजता तळमजल्यावर आरडाओरडा सुरू झाला. तीन वाजता पहिल्या मजल्यावर. लोक जिन्यात पायांची अढी घालून उभे होते. रिस्टार्टने म्हणे कुणाला तरी नेहमीचा सल्ला दिला आणि मार खाता खाता वाचली. सव्वातीनला साहेब स्वतः व्हॅनकडे आले. या वेळी चिखल बघून उड्या मारत नव्हते.

‘‘तो फुगा काढा.’’

‘‘काढतो की. खचलेला पाइप दुरुस्त झाला की लगेच. कलम पहिलं.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘खोदकामाचा आदेश मिळाला की सहा-सात तास. आदेश तयार आहे, साहेब, फक्त सही हवी.’’

आदेश मीच लिहिला होता. त्यात गल्ली खोदायची होती, ऑफिसचा पाइप काकूंच्या घराखालून हलवून रस्त्याने न्यायचा होता, पोकळी भरून त्यांची फरशी आणि भिंत विभागाने बांधून द्यायची होती, आणि काम संपेपर्यंत त्यांनी मशीनसह आमच्या तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत राहायचं होतं. तीन पानं झाली होती.

साहेबांनी माझ्या पाठीवर कागद टेकवला आणि तिन्ही पानांवर सह्या केल्या. एक ओळही वाचली नाही.